कोणाच्याच यादीत नसलेला पूल

१२ मार्च, मंगळवार

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यातल्या बाईंनी फोन ठेवता ठेवता सल्ला दिला, "कोणाला फोन केलात, कधी केलात, काय उत्तर मिळालं, सगळं लिहून ठेवा. पुढे उपयोग होतो." म्हणून ही वही. वही माझ्या बायकोची, अर्डिसची. पहिल्या चार पानांवर तिच्या टोमॅटोच्या रोपांचा हिशोब आहे, २०१९ सालचा. तेव्हा तिची मूत्रपिंडं ठीक होती. आता टोमॅटो बंद, बटाटे बंद, केळी बंद, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार मार्लोला जाऊन चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून बसायचं.

शनिवारी नदीला लोंढा आला. एक अख्खं झाड वाहत येऊन पुलाच्या मधल्या खांबावर आदळलं आणि खांब तिरका झाला. आज सकाळी काउंटीची व्हॅन आली ती पलीकडेच थांबली. लूपे, म्हणजे व्हॅन चालवणारी बाई, खाली उतरून पुलाखाली वाकून बघून आली.

"मर्ल, माझी गाडी चार टनांची आहे. पुलावर घातली तर गाडी नदीत जाईल आणि माझी नोकरीही जाईल. दोन्ही मला परवडायचं नाही."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"ती तर माझ्याहून जड."

मी अर्डिसला माझ्या पिकअपमधून पलीकडे सोडलं. म्हटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. पूल ज्याचा असेल तो दुरुस्त करील.

१४ मार्च, गुरुवार

पूल कोणाचा तेच सापडत नाही.

रस्ते खात्याच्या बाई म्हणाल्या, तुमचा पूल आमच्या यादीत नाही. राज्याच्या महामार्गवाल्यांना विचारलं. तो गृहस्थ हसला. म्हणाला, महामार्ग तुमच्यापासून नऊ मैलांवर संपतो. मग मार्लोच्या नगरपालिकेला फोन लावला, कारण आमची पत्रं मार्लोच्या पत्त्यावर येतात. तिथल्या पोराने पत्ता घेतला, बराच वेळ कीबोर्डवर काहीतरी बडवत बसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या पत्त्यात मार्लो आहे, पण तुम्ही मार्लोत राहत नाही."

मी म्हटलं, "मला माहीत आहे मी कुठे राहतो ते. आमचं पोस्ट बंद केलंत, म्हणून तुमचं नाव लावावं लागतं."

"मग तुमच्या गावच्या नगरपालिकेशी बोला."

आम्हाला नगरपालिका नाही. महापौर नाही, सचिव नाही, पाटीही नाही. होती ती कोणीतरी चोरून नेली. अकरा घरं, एक सभागृह आणि हा पूल, एवढंच टिली फोर्ड. सरकारच्या लेखी हे गावच नाही, नुसती नकाशावरची जागा. याचा आम्हाला कायम अभिमान वाटत आलाय. कर कमी, कटकट कमी. पण आज त्या पोराला हे समजावून सांगताना मला स्वतःलाच कसंतरी झालं.

वन खात्याने एक नंबर दिला. तो लावला तर परत रस्ते खात्यातल्या त्याच बाई. म्हणाल्या, "अहो, तुम्हीच ना ते?"

२ एप्रिल, मंगळवार

फोनचं रोज लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही नसतं. एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. पूरनियंत्रणवाले म्हणतात, आमचं काम पाण्याचं, लाकडाचं नाही. पूल बांधला लाकूड गिरणीने, १९५१ साली. गिरणी १९७९ला बंद पडली आणि मालक पूल तसाच टाकून गेले. तेव्हापासून फळी सडली की आपणच बदलायची. आजवर कोणापुढे हात पसरला नाही.

अर्डिसला हे सगळं सांगत होतो. तिला ठाऊक असलेलंच, पण ती ऐकून घेते. परतीच्या वाटेवर ती फार दमलेली असते. म्हणाली, "फळी बदलणं निराळं आणि खांब बदलणं निराळं, मर्ल."

शेजारचा ग्लेन संध्याकाळी येऊन गेला. पुलाच्या तोंडाशी त्याचं घर. पंचावन्नचा आहे, पण मला अजून पोरच वाटतो. म्हणाला, "काकूंना पिकअपमधून नेताय ना? मग झालं तर. काउंटीवाल्यांना कशाला घरात घेता? एकदा आले की जात नाहीत."

मला हसू आलं. हे माझंच वाक्य, गेली कित्येक वर्षं दर जूनमध्ये म्हणतो ते. जूनच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे 'नको'चा रविवार असतो. १९८६ साली काउंटीने रस्त्याच्या नावाखाली आमच्या जमिनी बळकावायचा घाट घातला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून सणसणीत पत्र लिहिलं, नको म्हणून. मजकूर माझा. ते पत्र चौकटीत घालून सभागृहात लावलंय, आणि दरवर्षी अर्डिसने भाजलेली रुबार्बची आंबटगोड पाई खाऊन झाली की मी ते मोठ्याने वाचतो. बाकीच्या गावांत देशाचा स्वातंत्र्यदिन साजरा होतो, आमच्यात हा.

२३ एप्रिल, मंगळवार

डोंगरातला बर्फ वितळला आणि पाणी पुन्हा चढलं. मधला खांब आता पुलाच्या कामाचा राहिलेला नाही. पूल मध्ये दबलाय, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखा. पिकअप न्यायची सोय उरली नाही. माणूस चालत जाऊ शकतो.

अर्डिसला एवढं चालवत नाही. चाकांची खुर्ची फळ्यांच्या फटींत अडकते. शेवटी बागेतली दोन चाकांची हातगाडी धुतली, त्यात रजई घातली आणि तिला बसवलं. ज्या गाडीतून ती भोपळे आणायची, तीच. पलीकडे लूपे व्हॅनचं दार उघडून उभी होती. तिने नजर दुसरीकडे वळवली. अर्डिस मात्र हसली आणि म्हणाली, "यंदाचा भोपळा जरा सुरकुतलेलाच निघाला."

मला हसता आलं नाही. माझं वय शहात्तर. पुलाच्या मध्यावर उतार लागतो तिथे गाडी ओढ घेते. ती सुटली तर? आठवड्यातून सहा फेऱ्या.

२९ एप्रिल, सोमवार

आज स्वतःच मार्लोच्या न्यायालयाच्या इमारतीत गेलो. ग्लेनच्या भावाची गाडी पलीकडे उभी असते, ती घेतली. तळघरात जुनी दप्तरं आहेत आणि तिथे ट्रिना नावाची एक मुलगी बसते. पहिल्यांदा कोणीतरी मला बसायला खुर्ची दिली.

"टिली फोर्ड," ती म्हणाली, "तुमची एक फाइल आहे बरं का." ती आनंदली होती. मीही आनंदलो. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी आमचं काहीतरी सापडलं.

फाइलमध्ये वरच माझं पत्र होतं. सही माझी, मग बाकीच्या दहा घरांच्या. 'आम्हाला तुमचं डांबर नको, तुमची पाटी नको, तुमचा माणूस नको. आज नको आणि पुढेही नको.' खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात तशी अर्डिसची.

त्याखाली काउंटीचं मूळ पत्र, ज्याला आम्ही उत्तर दिलं ते. दोन पानी. पहिल्या पानावर लिहिलेलं, प्रत्येकाने रस्त्याकडेची पंधरा फुटांची पट्टी द्यावी. ते मला आठवत होतं. दुसरं पान मी आज वाचलं. पट्ट्या मिळाल्यास रस्ता आणि पूल दोन्ही काउंटीच्या यादीत घेतले जातील, पुलाचे खांब काँक्रीटचे होतील आणि पुढची देखभाल कायमची काउंटीकडे राहील.

मी ते पान दोनदा वाचलं. ट्रिनाने पाणी आणून दिलं. तिला वाटलं मला चक्कर आली.

घरी येऊन अर्डिसला विचारलं, "दुसऱ्या पानावर पुलाचं होतं, तुला ठाऊक होतं?"

"उत्तर मीच टाइप केलं ना. समोर तेच पत्र होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. म्हटलं, म्हातारपणी काय करायचं? तू म्हणालास, म्हातारे होईपर्यंत बघू. भाषणाची तयारी चालली होती तुझी." तिने हे काही रागावून म्हटलं नाही. मोजे उतरवून दे म्हणाली. पायांवर मोज्यांचे खोल वण उठले होते.

अडतीस वर्षं मी गावापुढे उभा राहून माझा मूर्खपणा वाचून दाखवत आलो आणि लोक टाळ्या वाजवत आले. आणि ती दरवर्षी त्यासाठी पाई भाजत आली.

३० एप्रिल, मंगळवार

एक आशा आहे. ट्रिना म्हणाली, ती तेव्हाची सूचना कोणी रद्द केलेली नाही. अकराही मालकांनी पट्टी दिली, तर दहा जूनच्या बैठकीत काउंटीच्या मंडळापुढे विषय ठेवता येईल, आणि माणूस आजारी असल्याने तात्पुरता लोखंडी पूल आधी टाकता येईल. पण अकराच्या अकरा. एकही कमी चालणार नाही.

१८ मे, शनिवार

दहा सह्या झाल्या. सोपं नव्हतं. दारोदार जाऊन ज्या तोंडाने नको म्हणायला शिकवलं, त्याच तोंडाने द्या म्हणावं लागलं. बहुतेकांनी मान खाली घालून सही केली. एक म्हातारी म्हणाली, "तू सांगशील तसं, मर्ल. तेव्हाही तू सांगितलंस तसंच केलं होतं." ते लागलं मला.

राहिला ग्लेन. त्याची पट्टी पुलाच्या तोंडाशीच. लाकडांची खोप जाईल, बाकी काही नाही.

त्याने कागद हातातही घेतला नाही. "तुम्ही आजारी आहात का, मर्लकाका?"

"ग्लेन, अर्डिसला हातगाडीतून नेतोय मी."

"बघतोय ना. मी म्हटलं होतं, मी ढकलतो. रोज ढकलीन. पण हे नाही. मी सतरा वर्षांचा होतो. माझा बाप सही करायला निघाला होता, काउंटीला पट्टी द्यायची म्हणून. तुम्ही त्याला सभागृहात सगळ्यांसमोर काय म्हणालात, आठवतंय? जो जमिनीची एक पट्टी देतो तो उद्या अंगणही देतो, असल्या माणसाला टिली फोर्डमध्ये जागा नाही. माझा बाप त्या दिवशी रडत घरी आला. आणि मग त्यानेही नको म्हटलं, आणि मरेपर्यंत म्हणत राहिला. आता तुम्ही मला येऊन सांगता, ते चुकीचं होतं?"

"चुकीचं होतं."

"मग माझ्या बापाला सांगा जाऊन."

दार लावून घेतलं त्याने. त्याचा बाप मला अजिबात आठवला नव्हता. सभागृहात मागे उभा असायचा, टोपी हातात धरून, एवढंच आता आठवतंय. आपणच पेरलं, आता उगवलं तर तक्रार कोणाकडे करायची?

२१ मे, मंगळवार

उतारावर गाडी सुटली. दोनच फूट गेली आणि कठड्याला थडकून थांबली, पण अर्डिसचा घोटा फळ्यांच्या फटीत सापडला. ती ओरडली नाही. लूपे धावत आली, चार टनांची व्हॅन तशीच उघडी टाकून.

दोघांनी मिळून तिला नेलं. दवाखान्यात सूज बघून नर्स म्हणाली, पाणी फार साठतंय, एकही खेप चुकवू नका. चुकवतोय कोण?

परत येताना अर्डिसने माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळहात सोलवटले होते. घरी येऊन तिने मलम लावलं आणि बराच वेळ हात हातात धरून बसली.

२८ मे, मंगळवार

अर्डिसला थोडी सर्दी आहे, म्हणून आज नको म्हणाली. लूपेला पुलावर जाऊन सांगितलं. एका खेपेने काही बिघडत नाही, असं अर्डिस म्हणते, आणि तिच्या शरीराचं तिलाच कळणार.

खरं म्हणजे ती बरीच तरतरीत वाटतेय. आठवडाभर कामांचा धडाका लावलाय. फळांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आधी कोणती उघडायची तेही लिहिलं. मला पाव मळायला बसवलं. म्हणाली, एवढ्या वर्षांत शिकला नाहीस, आता शीक. निळा कोट आमच्या पोरीसाठी, जोलीनसाठी, बांधून ठेवला. तिच्याशी फोनवर तासभर बोलली. जोलीन शहरातून सारखी म्हणते, आईला माझ्याकडे पाठवा, पण तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत, जिना चढणार कोण?

रात्रीच्या जेवणाला अर्डिसने भाजलेला बटाटा मागितला. भरपूर लोणी घालून. चार वर्षांत तिने बटाट्याला हात लावला नव्हता. मी म्हटलं, चालेल का? म्हणाली, एखाद वेळी चालतं. दोन खाल्ले. तिला इतक्या चवीने जेवताना बघून मला फार बरं वाटलं. भूक परत आली की माणूस सुधारतो.

२ जून, रविवार

'नको'चा रविवार.

मी जाणार नव्हतो. अर्डिसच म्हणाली, चल, पाई मी केल्यात. केव्हा केल्या कोण जाणे. गुरुवारी आणि शनिवारीही ती गेली नव्हती, अंगात कणकण आहे म्हणाली होती.

पाई खाऊन झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, भिंतीवरची चौकट काढली आणि म्हटलं, "यंदा मी वाचणार नाही. हे पत्र लिहिणारा माणूस गाढव होता. त्याने समोरचं दुसरं पान वाचलं नव्हतं." ग्लेन उठला, माझ्या हातातून चौकट घेतली आणि त्याने वाचलं. 'आज नको आणि पुढेही नको.' टाळ्या पडल्या नाहीत. एकटी अर्डिस टाळ्या वाजवत होती, हळूहळू, सुजलेल्या हातांनी. मला ते कळलं नाही. वाटलं, ग्लेनची लाज राखतेय.

घरी आल्यावर म्हणाली, "मर्ल, बस."

मी बसलो.

"मी मंगळवारी जाणार नाही. गुरुवारीही नाही आणि पुढेही नाही. डॉक्टरांशी बोलले आहे, जोलीनशीही. आठवडा, दहा दिवस लागतात म्हणे. झोप येत राहते."

मी म्हटलं, दहा तारखेला बैठक आहे, ग्लेनला मी समजावतो, लोखंडी पूल येतोय. मी म्हटलं, घर विकू, मार्लोला खोली घेऊ. मी बरंच काही म्हटलं.

"हे पुलासाठी नाही," ती म्हणाली. "म्हणजे पुलासाठी पण आहे. तुझे हात बघितले मी. पण मी दमलेय, मर्ल. मला नको झालंय."

अडतीस वर्षं मी सगळ्यांना शिकवलं की नको म्हणणाऱ्याचं कोणी काही करू शकत नाही. आज मला कळलं ते किती खरं आहे.

४ जून, मंगळवार

फोन करून कळवायचं होतं. केला नाही. साडेनऊला लूपे पलीकडे येऊन थांबली. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट बघायची असते. मी अलीकडे उभा. ती पलीकडे. शेवटी मी पुलावर गेलो आणि सांगितलं. तिने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाली, "गुरुवारीही मी येईन. बाईंचा विचार बदलला तर गाडी नको का?"

६ जून, गुरुवार

लूपे आली. थांबली. गेली.

८ जून, शनिवार

लूपे आली होती. त्याच वेळी ग्लेन दाराशी आला. सही केलेला कागद हातात. त्याने तो मला दिला नाही, आत जाऊन अर्डिसला दाखवला. ती बहुतेक झोपेतच असते, पण डोळे उघडले.

"काकू, झाली सही. आता उठा."

तिने त्याच्या गालाला हात लावला. म्हणाली, "तुझ्या बापाला आवडलं असतं. खोप मागच्या बाजूला बांध, तिथे ऊन येतं." आणि पुन्हा झोपली. ग्लेन स्वयंपाकघरात टेबलाला धरून उभा राहिला. मी त्याला कॉफी दिली.

१० जून, सोमवार

पहाटे गेली. मी हात धरला होता.

बैठक आजच होती. कागद मार्लोला ग्लेन घेऊन गेला. मी त्याला सांगितलं, बाकीचे दहा जणही म्हातारे होणार आहेत.

दुपारी तिला नेणारी गाडी पलीकडेच थांबली. सहा जणांनी तिला फळ्यांवरून चालत नेलं. ग्लेनचा भाऊ पुढे होता. ग्लेन मार्लोहून परतताना पुलावर समोरासमोर भेटला. त्याने खांदा दिला आणि उलटा चालत गेला.

११ जून, मंगळवार

मंडळाने विषय मान्य केला म्हणे. आम्ही आता यादीत आहोत. मुख्य रस्त्यावर पाटीही लागेल.

साडेनऊला माझे पाय आपोआप पुलाकडे निघाले. पुलाच्या तोंडाशी गेल्यावर लक्षात आलं की हातगाडी पण बरोबर घेतलीय, रजई घालून. लूपे पलीकडे उभी होती. तिला अजून कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं ते मीच ना.

तिला सांगून घरी आलो आणि व्हॅनची सेवा बंद करण्यासाठी काउंटीला फोन लावला. वही उघडून पेन्सिल घेऊन बसलो, लिहून ठेवायची सवय झालीय. पहिल्या घंटेला उचलला. व्हॅनच्या खात्यातल्या बाईंनी अर्डिसचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, आम्ही टिली फोर्डचे, पत्त्यात मार्लो असलं तरी मार्लोचे नाही, म्हणजे काय झालं की...

"त्याची गरज नाही," बाई म्हणाल्या. "झालं तुमचं काम."

एकाच फोनवर.